शाळेच्या नाटकात कादंबरी हवी, बोध नको

डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेच्या गॅदरिंगला जा, नाटक कोणतं असेल ते मंडपात शिरण्याआधीच सांगता येतं. झाडं वाचवा, पाणी जपून वापरा, मोबाइलचं व्यसन, प्लॅस्टिकचा राक्षस, फार तर हुंडाबंदी. वीस मिनिटांत एक चुकलेला माणूस सुधारतो, सगळी पात्रं रांगेत उभी राहून एका सुरात एक वाक्य म्हणतात आणि पडदा पडतो. मुलांची मेहनत खरी असते, आयांनी रात्री जागून शिवलेले झाडाचे पोशाखही खरे असतात. खोटं असतं ते नाटक. माणसं इतक्या पटकन सुधारत नाहीत हे चौदा वर्षांच्या मुलाला घरात, गल्लीत रोज दिसत असतं. ते ठाऊक नसल्याचं सोंग मात्र त्याला वर्षातून एकदा दिव्यांच्या झगमगाटात आणावं लागतं.

माझं म्हणणं असं, की आठवी-नववीच्या मुलांनी या सोंगापेक्षा मराठीतली एखादी थोर कादंबरी घ्यावी, वर्षभर तिच्यात राहावं आणि मग ती रंगमंचावर आणावी. आणि घेतलीच, तर तिची बोधकथा करू नये. ही दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे. कारण कादंबरी घेणाऱ्या मोजक्या शाळाही शेवटी तिच्या मानगुटीवर तात्पर्य बसवतातच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, चौकाचौकांत फलक लागले, ठीकच झालं. पण या भाषेतल्या अभिजात म्हणाव्या अशा कादंबरीशी शाळकरी मुलाची गाठ पडते ती पाठ्यपुस्तकातल्या दोन-अडीच पानांच्या उताऱ्यात, आणि त्याखाली लगेच ‘उताऱ्याच्या आधारे कृती करा’ असा हुकूम असतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळांतही दहावीपर्यंत मराठी शिकवण्याची सक्ती २०२० च्या कायद्याने झाली. तिथल्या कित्येक मुलांना सलग पन्नास पानं मराठी वाचणं जड जातं. तीच मुलं तालमीत ऐकून ऐकून मोठमोठी स्वगतं पाठ करतात. डोळ्यांनी जे जमत नाही ते कानांनी आणि तोंडाने जमतं, हा अनुभव नाटक बसवणाऱ्या कुणालाही विचारा.

मराठी बालरंगभूमी दरिद्री आहे असं मी म्हणत नाही. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी लिटल थिएटर सुरू केलं, रत्नाकर मतकरींनी राक्षस आणि चेटकिणींना भाषेची अशी मस्ती दिली की ती नाटकं आजही थिएटर भरतात. १९८६ पासून पुण्यात ग्रिप्सची चळवळ रुजली. बर्लिनहून आलेल्या त्या पद्धतीत मोठे नट मुलांची कामं करतात आणि मुलांच्या खऱ्या अडचणी न गोंजारता मांडतात. पण ही झाली मुलांनी बघायची नाटकं. मुलांनी करायच्या नाटकाचं गणित निराळं असतं. त्यातही तेरा ते पंधरा हे वय फार गैरसोयीचं. परीकथेत काम करायला लाज वाटते, मोठ्यांच्या एकांकिका अंगाला ढगळ होतात. या मधल्या वयासाठी संहिता नाहीत अशी तक्रार प्रत्येक नाट्यशिक्षक करतो. संहिता नसतील, पण कादंबऱ्या आहेत ना!

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ घ्या. मी याच कादंबरीचं नाव का घेतो, तर तिची नायिका यमू ही सुरुवातीला शाळकरी मुलांहूनही लहान आहे आणि ती स्वतः आपली गोष्ट सांगते. दादाबरोबरचं बालपण, सोसत राहणारी आई, कडक वडील, नवऱ्याच्या जाचात अडकलेली मैत्रीण दुर्गी, मग लग्न, सासर, वाचायला शिकवणारा नवरा रघुनाथराव, मुंबईतले थोडे मोकळे दिवस, आणि नवऱ्याच्या मृत्यूनंतर जबरदस्तीने झालेलं केशवपन. हरिभाऊंनी ती लिहायला घेतली तेव्हा त्यांचं वय सव्वीस. ‘करमणूक’ या स्वतःच्या साप्ताहिकातून ती १८९० ते १८९३ अशी क्रमशः आली. त्याच काळात संमतिवयाच्या कायद्यावरून पुणं पेटलं होतं. विवाहांतर्गत संबंधासाठी मुलीचं किमान वय दहाचं बारा करावं की नाही, यावर शहाणीसुरती माणसं हमरीतुमरीवर आली होती. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. म्हणजे वाचक एका हातात वर्तमानपत्रातला वाद आणि दुसऱ्या हातात यमूचा पुढचा भाग घेऊन बसलेले होते. वादात जी ‘मुलगी’ होती, तिला हरिभाऊंनी नाव दिलं, भाऊ दिला, मैत्रीण दिली.

हे आज कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी एकच आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींनी आपलं लग्न अठराच्या आत झाल्याचं सांगितलं. पाचातली एक. केशवपन गेलं, विधवेची लाल आलवणं गेली, पण घरात मोठ्यांनी बसून एका मुलीचं आयुष्य तिच्या गैरहजेरीत ठरवण्याची बैठक अजून भरते.

आता इथेच पाय घसरतो. हा आकडा हाती आला की मुख्याध्यापकांचे डोळे चमकतात. ‘बालविवाह प्रतिबंध’ हा विषय मिळाला! मग यमूची कादंबरी तीन प्रवेशांत बसते, शेवटी पोलीस येतात किंवा समाजसुधारक येतो, आणि मुलं रांगेत उभी राहतात. अशाने आपण कादंबरीतून नेमकं तेच काढून टाकतो ज्यासाठी ती घ्यायची. यमूच्या घरातली माणसं राक्षस नाहीत. शंकरमामंजींसारखा एखादा दुष्ट आहेच, पण बाकीची माणसं आपल्या-तुपल्यासारखी आहेत. ती सण करतात, पोरांचे लाड करतात, देवधर्म पाळतात, आणि रीत म्हणून जे करायचं ते करतात. ही माणसं वठवताना मुलाला जे कळतं ते फलकावर लिहून कळत नाही.

एका तालमीतलं सांगतो. आजीचं काम करणारी मुलगी कपाळाला आठ्या घालून, कमरेवर हात ठेवून, मालिकांतल्या सासूसारखं बोलत होती. यमूच्या लग्नाची बोलणी घरात चालली आहेत असा प्रवेश. तिला म्हटलं, आठ्या सोड, हे सूप घे आणि तांदूळ निवडत बोल. वाक्यं तीच, फक्त हात कामात. दुसऱ्या वेळेला तिचा आवाज आपोआप खाली आला, खडा सापडला की ती वाक्य मध्येच तोडायला लागली, खडा बाजूला टाकून पुन्हा तिथूनच सुरू करायला लागली. नातीचं लग्न आणि तांदळातले खडे, दोन्ही एकाच सुरात. विंगेतली पोरं आधी हसली. मग एकजण म्हणाला, ‘‘सर, ही तर चांगलीच बाई वाटायला लागली.’’ मी म्हटलं, हो, आणि लग्न तरीही ठरतंय. त्यावर चर्चा झाली नाही, कारण सगळ्यांना सूप हातात घेऊन बघायचं होतं.

अशा तालमीनंतर मुलांना ‘आपण यातून काय शिकलो’ असं विचारू नये. फार मोह होतो, पण आवरावा.

रूपांतर कसं करावं यावर माझी मतं जरा हट्टी आहेत. पहिलं म्हणजे कादंबरीचा सगळा मजकूर संवादात ओतायचा नाही. आपल्याकडे कादंबरीचं नाटक म्हटलं की निवेदन खुडून टाकायचं आणि जे कुणी बोललंच नव्हतं ते पात्रांच्या तोंडी घालायचं, ही सवय आहे. व्यावसायिक रंगभूमीवर श्री. ना. पेंडशांनी ‘गारंबीचा बापू’ स्वतः नाटकात आणली तेव्हा त्यांच्याकडे काशिनाथ घाणेकरांसारखा नट होता. संवाद उचलायला खांदे होते. शाळेच्या गटाकडे खांदे नसतात, पण तोंडं पुष्कळ असतात. म्हणून निवेदन ठेवा आणि ते वाटून द्या. यमू एकीनेच करायची काय गरज? लहानपणची एक, लग्नातली एक, मुंबईतली एक, शेवटची एक, आणि यमू आपली हकिगत लिहिते आहे म्हटल्यावर एकीच्या हातून दुसरीच्या हातात जाणारी वही. गॅदरिंगमधलं नेहमीचं भांडण, म्हणजे नायिका कोण होणार आणि ती नेहमी शिक्षिकेचीच मुलगी का असते, तेही यात परस्पर मिटतं.

यमूची काही पानं मुलग्यांनीही म्हणावीत असं मी सुचवतो, तेव्हा पालकांच्या भुवया वर जातात. गंमत आहे. बालगंधर्वांनी ज्या भाषेच्या रंगभूमीवर उभी हयात स्त्री-भूमिकांत घालवली, त्या भाषेत एका मुलाने साडी न नेसता, शाळेच्या गणवेशात, एका मुलीची दोन पानं म्हटली तर काय आकाश कोसळतं? हरिभाऊ तरी कोण होते? एका तरुण पुरुषाने एका मुलीच्या आवाजात शेकडो पानं लिहिली, म्हणून तर ही कादंबरी आहे.

दुसरा हट्ट भाषेचा. हरिभाऊंची वाक्यं लांबलचक, वळणावळणाची. शिक्षक लगेच ती ‘सोपी’ करायला बसतात. कापा, हवं तेवढं कापा, जाडजूड कादंबरीतली चाळीस पानं उरली तरी चालेल. पण उरलेल्या ओळी स्वतःच्या शब्दांत लिहू नका. त्या वाक्यांत श्वास कुठे घ्यायचा हे शोधण्यातच मुलांचा वाचिक अभिनय तयार होतो. एखादा शब्द अडला तर मुलं घरी आजी-आजोबांना विचारतात. त्या निमित्ताने घरात काय काय बोलणं निघतं ते शिक्षकाला कळतही नाही, आणि कळायची गरजही नाही.

आणि केशवपन. या प्रवेशापाशी दिग्दर्शकाची परीक्षा आहे, आणि बहुतेकजण तीत नापास होतात. मी तीन प्रकार पाहिलेत. मुलीच्या डोक्यावर टकलाचा टोप चढवणं. अंधार करून एक किंकाळी आणि वर सतारीचा झणत्कार. आणि लाल प्रकाशात मंदगतीने केस कापण्याची मूकनाट्याची हालचाल. तिन्हींत प्रेक्षक हमखास हळहळतात, आणि हळहळून मोकळे होतात. किंकाळी ऐकली की आपण आपोआप किंकाळी मारणाऱ्याच्या बाजूचे होतो, म्हणजे सुटलो.

माझ्या मते या प्रवेशात यमू रंगमंचावर नसावीच. एक तर चौदा वर्षांच्या मुलीला चार मुलांनी धरून ठेवण्याची तालीम रोज करणं हे नाटकाच्या नावाखालीही करू नये. तिच्या अंगाला ते लक्षात राहतं. दुसरं कारण नाटकाचं आहे. त्या दिवशी घरात काय चाललं असेल? कुणीतरी पाट मांडलाय. कुणी पाणी आणून ठेवलंय. कुणी लहान पोरांना शेजारी पाठवलंय, कुणी दाराला कडी लावलीय, कुणी निरोप घेऊन न्हाव्याकडे गेलंय. प्रत्येक मुलाला यातलं एकेक काम द्या आणि ते त्याने नेटकं, घाई न करता करावं. वहीतलं पान तेवढं एकीने वाचावं, तेही सपाट आवाजात. कुणालाच सगळं पाप करावं लागत नाही, प्रत्येकाच्या वाट्याला एवढंसंच येतं, आणि ते तर कामच असतं. प्रेक्षागृहात बसलेल्या कुणीही कधी ना कधी कुठल्यातरी घरात असा पाट मांडलेला असतो. मी हे बसवून घेताना न्हाव्याचं काम करणाऱ्या मुलाने विचारलं होतं, ‘‘मला एकही वाक्य का नाही?’’ प्रश्न रास्त होता. १८९० साली, ज्या वर्षी ‘करमणूक’ सुरू झालं त्याच वर्षी, मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन विधवांची डोकी भादरायला नकार दिला होता. सत्यशोधक कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे होते. ज्याला कादंबरीत बोलायला जागा नाही, तो इतिहासात बोललेला आहे. ती हकिगत प्रवेशाच्या आधी त्याच मुलाने प्रेक्षकांना सांगावी असं आम्ही ठरवलं. कादंबरीत फेरफार न करता तिच्या शेजारी एक खुर्ची मांडायला हरकत नसते.

यातूनच सर्वांत गंभीर आक्षेप निघतो, आणि तो ‘मुलांच्या मनावर काय परिणाम होईल’ हा नाही. आक्षेप असा, की ही पुण्यातल्या ब्राह्मण घराची गोष्ट आहे. ज्या वर्गात नाना जातींची मुलं बसतात तिथे हीच ‘आपली’ अभिजात कादंबरी म्हणून का लादायची? हा आक्षेप मला मान्य आहे, अर्ध्याहून जास्त. एका जातीच्या घरातलं दुःख तेवढं साहित्य, आणि बाकीच्यांचं दुःख पुरवणी वाचनाला, असं आपल्या शाळांत बरीच वर्षं चाललं. पण त्यावर उपाय यमूला बाहेर काढणं हा नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते मुख्यतः यमूसारख्याच ब्राह्मण विधवांसाठी. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये, बाईलाच दोष देणाऱ्या पुरुषांना जाब विचारणारी, ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. ज्या घराची दारं आतून बंद होती त्या घरावर बाहेरच्यांनी काय म्हटलं हेही मुलांना ठाऊक हवं. मग जात ही गोष्ट पुस्तकातल्या धड्यासारखी न राहता, कोण कुणाच्या घरात कुठपर्यंत येऊ शकतो अशी रंगमंचावर आखलेली रेघ होते. आणि यंदा यमू तर पुढच्या वर्षी अण्णाभाऊंचा ‘फकिरा’, त्याच्या पुढच्या वर्षी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. त्या धनगरवाडीत नवखा आलेला कोवळा मास्तर तर नववीतल्या मुलाला सहज जमेल. यादी कुणा एकाच्या घरची नसावी, इतकंच.

आता मनावरच्या परिणामाचं. परिणाम व्हावा म्हणूनच नाटक करतात. पण शिक्षकाने डोळे उघडे ठेवायला हवेत, कारण वर्गातल्याच एखादीची सोयरीक ठरलेली असू शकते. तालमीत एखादं पोर सहज बोलून जातं, आमच्या ताईला तरी कुठे विचारलं होतं, आणि पुढच्या वाक्याकडे वळतं. ते वाक्य नाटकात घ्यायचं नसतं, वर्गापुढे उगाळायचं नसतं. बाजूला घेऊन ऐकायचं असतं. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आणि गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो ही माहिती नाटक बसवणाऱ्याच्या खिशात हवी, रंगमंचावर नको. एवढी तयारी नसेल तर खरंच प्लॅस्टिकचा राक्षस करावा, त्यात कुणाला इजा होत नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात, कारण मुख्याध्यापक तिथेच अडतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. हरिभाऊ १९१९ मध्ये गेले, त्यामुळे प्रश्नच नाही. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे ‘श्यामची आई’ २०११ पासून मोकळी आहे. अण्णाभाऊ १९६९ मध्ये गेले. २०२९ अखेरपर्यंत परवानगी घ्यावी लागेल, माडगूळकरांसाठी तर त्याहून पुष्कळ पुढेपर्यंत. शाळेतले विद्यार्थी-शिक्षक आणि त्यांचे पालक एवढेच प्रेक्षक असतील तर शाळेच्या कार्यक्रमातल्या सादरीकरणाला कायद्यात सवलत आहे, पण नवं नाट्यरूपांतर करणं हा लेखकाचा वेगळा हक्क आहे आणि बाहेर प्रयोग नेला की सवलत संपली. एक पत्र लिहायचं असतं. वारसदार बहुधा आनंदाने होकार देतात, कारण त्यांना कुणी विचारतच नाही.

‘श्यामची आई’चं नाव आलंच आहे तर तेही बोलून टाकतो. शाळांना हीच कादंबरी ‘सुरक्षित’ वाटते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेलं हे पुस्तक आपण सुविचारांच्या फळ्यावर नेऊन टांगलं आहे. त्यातलं कर्ज, पडत चाललेलं घर, सावकाराच्या माणसाने केलेला आईचा अपमान हे सगळं शाळेच्या रंगमंचावर कधी येतच नाही. येतो तो पाय मळू नयेत म्हणून हट्ट करणारा छोटा श्याम. अंगठ्याएवढं पुस्तक करून ठेवलं आहे आपण त्याचं. तेव्हा कादंबरी कोणती हा प्रश्न निम्माच आहे. तिच्यातलं काय गाळता, यावर बाकीचं ठरतं.

वेळ कुठून आणायचा? परीक्षा, शिष्यवृत्तीचे तास, शिक्षकांच्या मागे लागलेली शंभर अशैक्षणिक कामं, हे सगळं खरं आहे. यावर मला हरिभाऊंनीच तोडगा दिला. कादंबरी आठवड्याला एक भाग अशी आली होती ना? मग तशीच करा. शनिवारी सकाळची शाळा असते. परिपाठानंतर दहा मिनिटं, एक भाग, पाचसहा मुलं, नेपथ्य म्हणजे दोन बाकं. पुढच्या शनिवारी दुसरी मुलं. सगळी शाळा ‘पुढे काय’ म्हणून थांबते, आणि जूनपासून असं चाललं की जानेवारीपर्यंत संहिता तुमच्या हातात आयती असते, तीही प्रेक्षकांसमोर घासून निघालेली. कुठे पोरं कंटाळून चुळबुळली, कुठे गप्प झाली, याची नोंद ठेवली की काय कापायचं ते कळतं. गॅदरिंगच्या आधी पंधरा दिवस वर्ग बुडवून जी धावपळ होते ती वाचते. ग्रंथपालांना मी यात मुद्दाम ओढतो. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते आणि कुणी ते उघडायला सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळतो.

स्पर्धांबद्दल मी फारसं चांगलं बोलणार नाही. शासनाच्या राज्य बालनाट्य स्पर्धेने गावोगावच्या मुलांना खरा रंगमंच, खरे दिवे दाखवले, हे तिचं मोठं देणं. पण करंडकाची ओढ लागली की संहितेला ‘सामाजिक आशय’ चिकटवावाच लागतो, शेवटाला धक्का द्यावा लागतो, प्रकाशयोजनेला बक्षीस असतं म्हणून प्रकाश नाचवावा लागतो. वेळेची चौकट पाळताना दुर्गी कापली जाते. दुर्गी कापली की यमूचं सुदैव कळत नाही. तिला बरा नवरा मिळाला होता ही गोष्ट दुर्गीशिवाय फुकट जाते. त्यामुळे प्रयोग शाळेच्या पटांगणात, दुपारी, सतरंजीवर करा. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी आया येऊ शकत नाहीत. त्या ज्या वेळेला येऊ शकतात ती वेळ धरा. माइक असतील तर बरं, नसतील तर मुलांना आवाज टाकायला शिकवा, तेही शिक्षणच आहे.

आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण नाटकाच्या आधी ठेवा. नंतर ठेवलं तर ते माइक हातात घेऊन यमूने आपल्याला काय शिकवलं ते सांगणार, मग अध्यक्ष त्याला दुजोरा देणार, आणि आभारप्रदर्शन करणाऱ्या बाई बालविवाह न करण्याची शपथ सगळ्यांकडून वदवून घेणार. पाहुण्यांना आधी बोलू द्या, शाल-श्रीफळ द्या, पहिल्या रांगेत नीट बसवा. नाटक संपलं की थेट राष्ट्रगीत.